फरगाना : एका पाटावरचे तीन देश

(दृश्य : सपाट रस्ता. दोन्ही बाजूंना सरळसोट पॉप्लरची झाडं. दूर बर्फाचे डोंगर.)

अंदिजान ते ओश हे अंतर पन्नासएक किलोमीटरचं. पुण्याहून लोणावळा याहून लांब पडतं. दोन्ही शहरांच्या बाजारात उझबेक भाषा कानावर येते, दोन्हीकडे तंदूरमधून गरम सामसे निघतात, आणि एका शहरातल्या कित्येक घरांच्या सोयरिकी दुसऱ्या शहरात आहेत. तरी वाटेत पासपोर्ट काढावा लागतो. अंदिजान उझबेकिस्तानात आहे आणि ओश किरगिझस्तानात. मधल्या फाटकाला उझबेक लोक ‘दोस्तलिक’ म्हणतात, किरगीझ ‘दोस्तुक’. मराठी माणसाला या शब्दाचा अर्थ वेगळा सांगायला नको. २०१० साली हे फाटक बंद झालं, ते सर्वसामान्यांसाठी नीट उघडायला २०१७ चा सप्टेंबर उजाडला.

आपण फरगाना खोऱ्यात आहोत. उझबेकिस्तान, किरगिझस्तान आणि ताजिकिस्तान हे तीन देश इथे एकमेकांत असे गुंतलेत, की शेजारच्या गावाला जाणारी वाट कुठल्या देशातून जाते हे आधी विचारून घ्यावं लागतं. दीड कोटीच्या आसपास माणसं इथे राहतात. मध्य आशियात इतकी दाट वस्ती दुसरीकडे क्वचितच सापडेल. आणि या वस्तीचा, इथल्या भांडणांचा, इथल्या सलोख्याचाही उगम शोधत गेलं की माणूस शेवटी पाण्यापाशी येऊन थांबतो.

(दृश्य : आकाशातून खोरं. करड्या डोंगरांच्या मधोमध हिरवा पट्टा.)

वरून पाहिलं तर खोऱ्याचा आकार बदामासारखा दिसतो. पूर्व-पश्चिम सुमारे तीनशे किलोमीटर लांबी. उत्तरेला चात्काल आणि कुरामा, ईशान्येला फरगाना रांग, दक्षिणेला अलाय. डोंगरमाथे चार-पाच हजार मीटरचे, आणि खोऱ्याचा तळ बराचसा चारशे-पाचशे मीटरवर. पश्चिमेला खुजंदपाशी तेवढी एक अरुंद फट उरते. डोंगर ढग अडवतात, त्यामुळे तळाशी पाऊस फार थोडा. इतका थोडा, की खोऱ्याच्या मधोमध वाळूच्या टेकड्या आहेत. तेव्हा पडद्यावर जे हिरवं दिसतंय ते सगळं पाटाचं आहे, वितळलेल्या बर्फाचं.

नारिन आणि कारा दर्या या दोन नद्या पूर्वेकडच्या डोंगरांतून उतरतात, नमनगानजवळ एकत्र येतात, आणि तिथून पुढे त्यांचं नाव सिर दर्या होतं. आपण दर्या म्हटलं की समुद्र समजतो; इथे दर्या म्हणजे नदी. कारा दर्या म्हणजे काळी नदी. समुद्रापासून इतक्या दूरच्या माणसांना नदीच दर्या वाटली तर त्यात नवल नाही.

नदीतून कालवा, कालव्यातून पाट, पाटातून चर. गल्लीबोळांतून खेळणाऱ्या छोट्या पाटाला इथे ‘अरिक’ म्हणतात. जुन्या मोहल्ल्यांत दारापुढून अरिक वाहतो, काठाला तुती आणि जर्दाळू. पाण्याची पाळी ठरवणारा तो ‘मिराब’. आपल्याकडे पांझरेकाठच्या फडांवर पाटकऱ्याचं जे काम, तेच त्याचं : पाटाच्या शेवटच्या टोकाला ज्याचं शेत आहे त्यालाही पाणी पोचलं ना, हे बघायचं. आणि वसंतात पाटातला गाळ उपसायला अख्खं गाव जमतं, त्याला म्हणतात ‘हशर’. त्या कामाची मजुरी नसते. दुपारचं जेवण मात्र सगळ्यांचं एकत्र.

(दृश्य : डोंगरउतारावर चरणारे घोडे.)

या खोऱ्याची पहिली सविस्तर बातमी बाहेर नेली ती झांग छ्यान या चिनी दूताने, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात. त्याने आपल्या सम्राटाला इथल्या घोड्यांबद्दल सांगितलं. उंच, वेगवान, आणि धावताना रक्ताचा घाम येणारे घोडे! (कातडीखाली शिरणाऱ्या कृमींमुळे तसं होत असावं, असं आजचे अभ्यासक मानतात.) हान सम्राट वू याला ते घोडे हवेच होते. मागून मिळेनात, तेव्हा इ. स. पू. १०४ मध्ये त्याने फौज धाडली. ती वाटेतच खचली. दुसरी, मोठी फौज आली आणि घोडे घेऊन गेली. त्या काळात या मुलखातून चीनला द्राक्षं गेली आणि घोड्यांचा चारा, आपला लसूणघास, तोही गेला. त्याच्याही आधी, इ. स. पू. ३२९ मध्ये, सिकंदराने खोऱ्याच्या तोंडाशी, आजच्या खुजंदजवळ, आपल्या नावाचं सर्वांत दूरचं शहर वसवलं होतं.

पण आपल्याला फरगाना हे नाव माहीत असतं ते शाळेच्या इतिहासातल्या एका ओळीमुळे. बाबर फरगान्याचा होता.

(दृश्य : सिर दर्याच्या उंच काठावरचे अख्सीच्या जुन्या किल्ल्याचे मातीचे अवशेष.)

१४ फेब्रुवारी १४८३ रोजी तो अंदिजानला जन्मला. वडील उमर शेख मिर्झा या खोऱ्याचे सुलतान. अख्सीचा किल्ला नदीच्या कड्यावर होता आणि कड्याच्या अगदी टोकाला त्यांचा कबुतरखाना. १४९४ च्या जूनमध्ये कडा ढासळला, आणि कबुतरांसकट उमर शेख खाली गेले. अकरा वर्षांचा मुलगा गादीवर बसला.

पुढे बाबराने चगताई तुर्की भाषेत आपल्या आठवणी लिहिल्या. त्यांची सुरुवातच या खोऱ्याच्या वर्णनाने होते, आणि ते वर्णन राजाचं कमी, गावच्या पोराचं जास्त वाटतं. अंदिजानचे फेझंट पक्षी इतके पुष्ट, की एका पक्ष्याचा रस्सा चौघांना संपत नाही. मर्गिलानचा जर्दाळू बी काढून, आत बदाम भरून वाळवतात. अंदिजानात सगळे तुर्की बोलतात आणि मर्गिलानचे लोक सार्त आहेत, म्हणजे शहरी, फारसी बोलणारे. पाचशे वर्षांपूर्वीही या खोऱ्यात एका गावची भाषा दुसऱ्या गावाला नव्हती, आणि ते लिहिणाऱ्याला त्यात काही खटकत नव्हतं.

समरकंद तीनदा जिंकून तीनदा हातचं गेलं. फरगानाही गेलं. मग काबूल, मग पानिपत, मग आग्रा. हिंदुस्थानचा बादशहा झाल्यावर एकदा त्याच्यापुढे खरबूज आलं. ते कापून खाताना आपल्याला रडू फुटलं, असं त्यानेच लिहून ठेवलंय. या माणसाने पुढे आपल्या देशात काय केलं याबद्दल आपली मतं ठाम आहेत, आणि असावीत. पण त्या फोडीवर पडलेलं पाणी खरं होतं असं मला वाटतं. त्याच्या घराण्यातला सहावा बादशहा मराठ्यांशी पंचवीस वर्षं झुंजून १७०७ साली अहमदनगरला, आजच्या अहिल्यानगरला, मेला आणि खुलताबादला मातीत गेला. अंदिजानच्या मातीच्या वाड्यातून निघालेली वाट आपल्या घाटमाथ्यापर्यंत अशी येऊन पोचते.

(दृश्य : ओश. शहराच्या मधोमध उभा खडकाळ डोंगर.)

ओशमध्ये शहराच्या मधोमध हा डोंगर आहे, सुलेमान-तू. ऐन तारुण्यात बाबराने याच्या माथ्यावर एक छोटी खोली बांधून घेतली होती. आज तिथे नव्याने उभारलेली वास्तू आहे. डोंगरावर हजारो वर्षांपूर्वीची खोदचित्रं आहेत, मशीद आहे, आणि घासून घासून काचेसारखा झालेला एक उतरता खडक आहे. मूल व्हावं, कंबरदुखी जावी म्हणून बायका त्यावरून घसरत खाली येतात. इस्लाम येण्याआधीची श्रद्धा आणि नंतरची नमाज एकाच पायवाटेवर. २००९ मध्ये युनेस्कोने या डोंगराला जागतिक वारसा म्हटलं.

बाबरानंतरच्या काळात खोऱ्याची सत्ता कोकंदच्या खानांकडे गेली. अठराव्या शतकात उभी राहिलेली ही खानशाही १८७६ साली रशियाच्या झारने गिळली. कोकंदचा रंगीत टाइलांचा राजवाडा तेवढा मागे राहिला. त्या धामधुमीत दक्षिणेच्या अलाय डोंगरात एक किरगीझ बाई उभी होती : कुर्मनजान. नवरा दरबारी कारस्थानात मारला गेल्यावर टोळ्यांचा कारभार तिने हाती घेतला आणि ‘दातका’ हा सरदारकीचा किताब मिळवला. रशियन तोफांपुढे डोंगरातली माणसं टिकणार नाहीत हे ओळखून तिने तह केला. १८९५ मध्ये त्याच रशियन सरकारने तिच्या मुलाला फाशी दिली. सोडवायला निघालेल्या आपल्या माणसांना तिने अडवलं. एका मुलापायी सगळ्या टोळीची कत्तल होईल, हे तिला दिसत होतं. १९०६ साली एका प्रवाशाने तिचा घोड्यावर बसलेला फोटो काढला, नव्वदी उलटल्यावरचा. आज किरगिझस्तानच्या पन्नास सोमच्या नोटेवर तिचा चेहरा आहे.

(दृश्य : बाजार. काळ्या टोप्या, पांढऱ्या टोप्या, रुमाल, फेटे.)

त्या काळी इथल्या माणसाला “तू कोण?” असं विचारलं तर उत्तर यायचं, मी मर्गिलानचा, मी अमक्या टोळीचा, मी मुसलमान. उझबेक की ताजिक, हा प्रश्न रोजच्या व्यवहारात फारसा पडत नव्हता. कित्येक घरांत दोन्ही भाषा चालत. खरा फरक होता तो शेतकरी-व्यापारी आणि मेंढपाळ यांच्यातला : खाली पाटावरची गावं, वर कुरणांतले तंबू. उन्हाळ्यात कळप वर जायचे, थंडीत खाली यायचे. धान्य आणि कापड वर जायचं, लोकर, तूप आणि जनावरं खाली. एकाचं दुसऱ्यावाचून चालत नव्हतं.

१९२४ मध्ये सोव्हिएत सरकारने राष्ट्रांप्रमाणे प्रांत पाडायला घेतले. शिरगणतीत प्रत्येकाला एकच रकाना. ‘सार्त’ हे नावच रद्द झालं. स्टालिनने नकाशावर मुद्दाम वेड्यावाकड्या रेघा ओढून भांडणं पेरली, असं आजही सर्रास सांगितलं जातं. इतकं सोपं ते नव्हतं. स्थानिक पुढारीच आयोगापुढे गावागावासाठी झगडत होते. शिरगणती एक सांगायची, बाजारपेठ दुसरं आणि पाट तिसरंच. डोंगरी किरगीझ मुलखाला एक तरी बाजाराचं शहर हवं म्हणून उझबेक बोलणारं ओश तिकडे गेलं. १९२९ मध्ये खुजंद उझबेकांकडून नव्या ताजिक प्रजासत्ताकाला मिळालं. सगळं एकाच सोव्हिएत छत्राखाली होतं, तोवर या रेघा तालुक्याच्या हद्दीसारख्या होत्या. बस त्या ओलांडून जात होती, पाणीही.

मग कापूस आला. १९३९ साली १,६०,००० शेतकऱ्यांनी कुदळ-फावड्यांनी सुमारे २७० किलोमीटरचा महाफरगाना कालवा खणला. लागले पंचेचाळीस दिवस. सरकारने त्या कामालाही ‘हशर’च म्हटलं, गावच्या जुन्या रिवाजाचं नाव. कापसाने खोरं पांढरं झालं आणि नदी आटली. सिर दर्याचं पाणी शेतांत मुरत गेलं आणि तिकडे अरल समुद्र मागे सरकत गेला.

(दृश्य : मर्गिलान. विणकराच्या अंगणात ताणलेले रेशमाचे पांढरे धागे.)

मर्गिलानला एका अंगणात आता जरा थांबू या. अरिकाकाठच्या तुतीचा पाला रेशीमकिड्यांना जातो आणि कोशांचं रेशीम इथे येतं. ताण्याचे धागे मोजून, जुड्या करून चौकटीवर ताणलेत. कारागीर कोळशाच्या कांडीने त्यावर नुसत्या खुणा करतो. डाळिंब, बदाम, कंगवा, मिरची. चित्र असं काही नाहीच, त्याच्या डोक्यात आहे तेवढंच. मग जिथे रंग चढायला नको तिथे सुती दोऱ्याने करकचून बांधायचं. आधी फिका रंग, पिवळा. सोडायचं, पुन्हा बांधायचं, मग लाल. पुन्हा बांधायचं, मग गडद. दरवेळी गाठीखाली थोडासा रंग झिरपतो आणि नक्षीची कड विरघळल्यासारखी होते. या कामाचं नाव ‘अब्रबंदी’. अब्र म्हणजे ढग, हे ढग बांधायचं काम. पाटोळ्याची साडी ज्यांनी हाताळलीय त्यांना ही ओळखीची वाटेल. ताणा रेशमी आणि बाणा सुती असेल तर त्या कापडाला ‘अद्रस’ म्हणतात. आपल्या हिमरूतही रेशीम आणि सूत असंच एकत्र नांदतं. २०१७ मध्ये युनेस्कोने मर्गिलानच्या या जतनाच्या कामाची दखल घेतली.

शेजारच्या रिश्तानमध्ये निळ्या झिलईची भांडी होतात. खारवट जमिनीत उगवणाऱ्या झुडपांची राख करून ती झिलई बनते. ही कला बरीचशी ताजिक बोलणाऱ्या घरांत आहे, आणि ही घरं उझबेकिस्तानात आहेत.

(दृश्य : जुनी कृष्णधवल चित्रफीत. मालगाडीचे डबे.)

विसाव्या शतकात या खोऱ्यात आणखी माणसं आणून टाकली गेली. १९३७ मध्ये अतिपूर्वेतून कोरियन, १९४४ मध्ये क्रिमियाचे तातार आणि जॉर्जियाच्या सीमेवरचे मेस्खेती तुर्क. स्टालिनच्या हुकमाने, मालगाड्यांतून. खोऱ्याने त्यांना सामावून घेतलं, असं वाटत असतानाच १९८९ च्या जूनमध्ये मेस्खेती तुर्कांवर हल्ले झाले आणि हजारोंना दुसऱ्यांदा परागंदा व्हावं लागलं. पुढच्याच वर्षी ओशमध्ये घरांसाठीच्या जमिनीवरून किरगीझ आणि उझबेक भिडले. २००५ च्या मे महिन्यात अंदिजानच्या चौकात सरकारी फौजेने जमावावर गोळ्या चालवल्या. २०१० च्या जूनमध्ये ओश पुन्हा पेटलं. चारशेहून अधिक माणसं गेली, त्यांत उझबेक जास्त. लाखभर लोक, बहुतेक बायका आणि मुलं, सीमेपलीकडे पळाली. सुरुवातीला सांगितलेलं ते फाटक बंद झालं ते तेव्हा.

१९९१ मध्ये सोव्हिएत संघ मोडला आणि तालुक्याच्या हद्दी देशांच्या सीमा झाल्या. म्हणजे काय झालं, हे पाहायला सोखला जावं.

(दृश्य : उघडे करडे डोंगर, मधून नदी, काठाने हिरव्या गावांची माळ.)

सोख हा उझबेकिस्तानचा तुकडा आहे, पण चारही बाजूंनी किरगिझस्तानने वेढलेला. आणि आत राहणारी माणसं बहुतेक सगळी ताजिक. पासपोर्ट उझबेक, शाळा ताजिक भाषेत, आणि डोंगरापलीकडचे शेजारी किरगीझ. जिल्ह्याच्या इस्पितळातून मोठ्या शहरात पेशंट न्यायचा तर परदेशातून जावं लागायचं. १९९९ मध्ये सशस्त्र गट डोंगरांतून घुसले, त्यानंतर उझबेक सरकारने सीमेलगत सुरुंग पेरले. त्यांनी मेंढरं मारली, मेंढपाळही मारले. नदी मात्र कुणाला विचारत नाही. ती किरगीझ डोंगरात उगम पावते, सोखमधून जाते, आणि पुन्हा किरगीझ शेतं ओलांडून उझबेक मैदानात उतरते.

असंच किरगिझस्तानच्या पोटात ताजिकांचं वोरुख आहे. त्याच्याजवळच, इस्फारा नदीवर पाणी वळवण्याचं एक ठाणं आहे. २०२१ च्या एप्रिलमध्ये तिथे कॅमेरे बसवण्यावरून बाचाबाची झाली, दगड आले, मग बंदुका. पन्नासहून अधिक मेले. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये तोफा आणि रणगाडे आले, शंभराहून अधिक गेले, गावं जळाली. ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या एकाच पाटावर पाळी लावून भिजवत आली होती. मला या खोऱ्यातलं सगळ्यात जास्त बोचतं ते हे.

(दृश्य : मोठी कढई, खाली लाकडाची आच, वर वाफ.)

लग्नघरात पहाटेच पुरुष मंडळींना पुलाव वाढतात. त्याला उझबेकही ‘ओश’ म्हणतात, ताजिकही. आधी तेलात कांदा, मग मटण, मग गाजराच्या लांब फोडी. गाजराला इथे ‘सब्झी’ म्हणतात. वरून ‘झिरा’, म्हणजे आपलं जिरंच. लसणाचे अख्खे गड्डे. वर तांदूळ पसरायचा तो देवझिरा, लालसर, भरपूर पाणी पिणारा. किरगीझ हद्दीतल्या उझगेनचा तांदूळ तर सीमेच्या दोन्हीकडे नावाजलेला. एकदा तांदूळ टाकला की ढवळायचं नाही. आणि घरच्या साध्या दिवशी मूग-तांदळाची ‘मोशकिचिरी’ रांधतात. हे नाव मोठ्याने म्हणून पाहा. मोश म्हणजे मूग, आणि पुढचा शब्द आपल्या स्वयंपाकघरातला.

(दृश्य : खुजंद. रुंद, संथ सिर दर्या.)

१३ मार्च २०२५ रोजी किरगिझस्तान आणि ताजिकिस्तान यांनी बिश्केकमध्ये सीमाकरारावर सह्या केल्या. सुमारे हजार किलोमीटरची सीमा शेवटी ठरली. ३१ मार्चला तिन्ही देशांचे अध्यक्ष खुजंदला जमले आणि तिन्ही सीमा जिथे मिळतात तो बिंदू त्यांनी कागदावर पक्का केला. बंद केलेले रस्ते उघडले. माणसं पलीकडच्या बाजारात पुन्हा जाऊ लागली.

मार्चअखेर इस्फाराकाठच्या बागांत जर्दाळू फुलतो. वरचा बर्फ सुटू लागतो आणि पाटात गढूळ, गार पाणी येतं. मिराब खांद्यावर फावडं टाकून बांधावर येतो. वरच्या गावाचं दार मातीने लिंपतो, खालच्या गावाचं मोकळं करतो, आणि पाणी तिकडे वळेपर्यंत तिथेच उभा राहतो.